हौशीरामाची ओळख

लोहगडवाडीचा हौशीराम स्वतःच्या शेतात क्वचितच दिसायचा. तो असायचा वडगावला, कचेरीच्या पायऱ्यांवर. कुणाचं काम अडलं की "आपली ओळख हाय," म्हणत तो पुढं व्हायचा आणि काम आणखी चार महिने अडायचं.

चौसष्ट सालच्या माघात त्याची म्हातारी मावशी, धोंडाबाई, छातीत कळ येऊन आडवी झाली. चौघांनी डोली करून तिला मळवली स्टेशनावर उतरवलं. तिथून गाडीनं हौशीराम तिला लोणावळ्याच्या दवाखान्यात घेऊन आला, तेव्हा दहा वाजले होते. बाकड्यांवर वीसेक माणसं आधीच बसलेली. पायाला फडकं गुंडाळलेला कोंडू ठाकर सरकून जागा करत म्हणाला, "भाऊ, त्या खिडकीवर कागुद काडा. मंगच नंबर लागतुया."

हौशीरामाला ते लागलं. दोन वर्षांमागं इथले मोठे डॉक्टर किल्ला बघायला आले होते, तेव्हा त्यांचा थर्मास यानंच वर नेला होता. उतरताना डॉक्टर म्हणाले होते, "लोणावळ्याला आलात तर भेटा." अशा माणसानं खिडकीशी ताटकळायचं?

त्यानं शिपायाला गाठलं. "सायबांना सांगा, लोहगडवाडीचा हौशीराम आलाय."

शिपायानं मान हलवली. ती तो सगळ्यांपुढंच हलवायचा.

अकराला कोंडू पट्टी बांधून बाहेर आला. मग एक बंगलेवाल्या बाई मोटारीतून उतरल्या. बोटात गुलाबाचा काटा मोडला होता. त्यांना ना कागद लागला, ना नंबर.

"बगितलंस मावशे? ओळख आशी आसती," हौशीराम कौतुकानं म्हणाला.

मावशी घामानं भिजली होती. "आरं, कागुद तरी काड."

"दम धर. निरोप गेलाय आत."

साडेबाराला त्यानं शिपायाला पुन्हा हटकलं. शिपाई चक्रावला. "मोठे साहेब? त्यांची बदली होऊन वर्ष झालं की!"

हौशीराम खिडकीकडं धावला. खिडकी जेवणासाठी बंद झाली होती. दोनदा ती ठोठावून तो परतला, तर बाकडं रिकामं.

भिंत धरत धरत मावशी आत गेली होती आणि चहा पिणाऱ्या तरण्या डॉक्टरच्या पुढ्यात फरशीवरच बसली होती.

"लेकरा, आदी मला बग. मग च्या पी."

डॉक्टरनं कप खाली ठेवला, नाडी धरली आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आजी, बरोबर कोण आहे?"

"हाय एक भाईर. त्याची लय वळख हाय. बसू द्या त्याला."

दाराआडून हौशीरामानं ते ऐकलं. टोपी काढून तो खरंच बसून राहिला.

मावशीला आठ दिवस ठेवून घेतलं. वाचली. वाडीत हौशीराम सांगायचा, "बिनकागदाचं, बिननंबराचं आत घेतलं मावशीला!" त्यात खोटं काही नव्हतं. मावशी तंबाखू मळत ऐकून घ्यायची.

महिन्यानं तपासणीला जाताना मात्र तिनं त्याला मळवलीच्या पुढं येऊ दिलं नाही.