आबांच्या बाजूचा कान

आण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगलीच्या घरी मेथी निवडत बसले होते. भाचा म्हणाला, "आत्या, आण्णा गेले..." पुढचं मला ऐकू आलं नाही. आता महिना होऊन गेला. लोक भेटायला येतात आणि माझ्या थोरल्या भावाच्या भल्या स्वभावाचं सांगतात. भला वगैरे ठीक आहे, पण आण्णा लबाड होता, आणि त्या लबाडीवर माझा फार जीव होता. त्याची लबाडी अशी, की माणसाने दिलेली सबब तो सरळ खरी मानायचा. "आलो असतो, पण पाऊस होता," असं कुणी म्हणालं, की पुढच्या वेळी हा छत्री घेऊन त्याच्या दारात हजर.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. कराडजवळच्या आमच्या गावात घरटी एक माणूस मिलिटरीत. आण्णाही होता, पण पेन्शनची वर्षं भरायच्या आतच तो परत आला आणि एक जुनी मोटार घेऊन भाड्याने चालवू लागला. आमचे वडील, आबा, स्वतः सुभेदार होऊन घरी आलेले. त्यांना हे फार लागलं. ते भांडले नाहीत, फक्त गाडीत बसेनात. "आत जीव घुसमटतूय," म्हणायचे. आत पाऊल न ठेवताच त्यांना घुसमट कळली होती. त्या वर्षी म्हसवडला, आमच्या कुलदैवताला, सिद्धनाथाला जायचं ठरलं. आबांचे गुडघे गेलेले, तरी ते एस.टी.नेच निघायच्या तयारीत. मी माहेरी आले होते. आण्णा मला बाजूला घेऊन म्हणाला, "सुमे, पोराची गाडी दारात आन् बाप यष्टीसाठी फाट्यावर हुबा... गावात तोंड कसं दावू मी?"

तेव्हाच्या मोटारींना पुढच्या दारात मोठ्या काचेच्या पुढे एक छोटी तिकोनी काच असे. ती फिरवली की वारा थेट तोंडावर यायचा. आमच्या घरात तिला गाडीचा कान म्हणत. डावीकडचा, म्हणजे आबा बसले असते त्या बाजूचा कान गंजून घट्ट झाला होता. आण्णाने आबांची सबब खरी धरली आणि आबा ओसरीवर असतानाच अंगणात कामाला बसला. काच फिरवायचं हँडल काढलं, दाराचा आतला पुठ्ठा सोडवला, मोठी काच खाली घेतली आणि दोन काचांमधल्या उभ्या पट्टीसकट कान वर ओढून काढला. मी तो सांभाळत उभी. नवं रबर साबणाच्या पाण्याने ओलं करून चौकटीत बसवलं, खालची स्प्रिंग घासून तेल दिलं, मग सगळं पुन्हा जागच्या जागी. आबा भिंतीकडे तोंड करून, पण तिरक्या नजरेने सगळं बघत होते.

"आवं आबा, आता लय वारा येतूय. बसून तर बघा."

आबांची सबबच संपली. पटका बांधून ते पुढे येऊन बसले.

पण आण्णाने एक घोळ करून ठेवला होता. काच तडकेल या भीतीने त्याने कानाखालचा नट कमीच आवळला होता. गाडीने वेग घेतला की वाऱ्याने कान सटकन मिटायचा. आबांनी उघडावा, त्याने मिटावं. मागे मी आणि वहिनी जीव मुठीत धरून बसलो. आता आबा गाडी थांबवणार आणि उतरून चालू लागणार, याची मला खात्रीच होती. आण्णाची मान तर आखडून गेलेली. पण आबांनी डाव्या हाताचं बोट काचेला लावलं आणि म्हसवड येईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

दर्शन झाल्यावर आण्णाने डिकीतून पाना काढला. "आत्ता आवळतो, आबा."

"र्‍हाऊ दे," आबा म्हणाले. "धरतो की मी."

शेजारच्या नारळवाल्याने विचारलं, "भाड्याची व्हय गाडी?"

"न्हाई," आबा म्हणाले. "घरची हाय."

डिकी उघडून पाना आत ठेवताना आण्णाने बराच वेळ लावला.

ती गाडी त्याने पुढे पुष्कळ वर्षं चालवली. पुढे बसणारी माणसं कुरकुरायची, की हा कान सारखा मिटतोय. कुणाची कसलीही अडचण दूर करायला धावणाऱ्या आण्णाने ही एवढी तक्रार कधी मनावर घेतली नाही. "बोट लावा की," म्हणायचा. आबा गेले, त्यानंतरही त्याने तो नट आवळला नाही.