दुपारचा मेन स्विच

चौलच्या एका पोफळीच्या वाडीत, दोन खोल्यांत, आमच्या संस्थेचं ऑफिस आहे. गरजू मुलांच्या शिक्षणाला संस्था मदत करते. मीही त्या मुलांतलीच. माझ्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. पुढे तिथेच नोकरीला लागले आणि नेटवर्क व ईमेल नवीन करायचं ठरलं, तेव्हा “मी करते” असं कुणी विचारायच्या आधीच म्हणून बसले.

ऑफिस काकू सांभाळतात. वाडीतच राहतात. नवा राउटर आला त्या दिवशी त्यांनी तो लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं.

“काकू, आत ठेवला तर चालणार नाही तो.”

“अगो बाय, एवढी महागाची वस्तू उघडी ठेवतात व्हय?”

शेवटी राउटर भिंतीवर गेला. दुसऱ्या दिवशी त्यावर क्रोशाचा रुमाल होता. 

खरी अडचण पुढे होती. जुनी मेलसेवा शनिवारी संध्याकाळी बंद होणार होती. तोवर सगळे मेल नव्या खात्यात आणायचे होते. बाकीचे आले. राहिला तो मुलांच्या पत्रांचा फोल्डर: कुणाचा नर्सिंगचा निकाल, कुणाला बोटीवर नोकरी लागल्याची बातमी. काकू प्रत्येक मेलला आवक नंबर देऊन वहीत नोंद करत, पण मजकूर मेलमध्येच होता. शनिवारनंतर वहीत नुसते नंबर उरले असते.

हा फोल्डर यायला सलग पाच तास लागत. मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि आमच्याकडे वीज रोज जाई, कारण काकू ती घालवत. एक वाजता आम्ही दोघी जेवायला आपापल्या घरी निघालो की मेन स्विच बंद, साडेतीनला चालू, सहाला पुन्हा बंद. माणूस नसलेल्या घरात वीज चालू ठेवायची नाही, हा त्यांचा नियम. तीन दिवस मी दहाला काम सुरू केलं आणि तीन दिवस एक वाजता ते बुडालं. संस्थेने मला शिकवलं आणि मी संस्थेचीच पत्रं बुडवणार, या विचाराने मला जेवण जाईना. शनिवारीही दहाला काम सुरू केलं; काकूंना सांगायचा धीर मात्र पाऊण वाजता झाला.

“काकू, आज स्विच बंद केलात तर मुलांची पत्रं गेली. कायमची.”

“तीन दिवस तोंडात काय सुपारी धरली होतीस?”

“तुमचा नियम होता ना.”

“नियम घरात माणूस नसताना. माणूस असला तर कशाला बंद करीन?”

हे मला तीन दिवसांत सुचलं नव्हतं. पदवीधर मी!

“मी थांबते मग.”

“उपाशी? बस तिथेच.” आणि त्या घरून भाकऱ्या, सुकटीचं कालवण घेऊन आल्या. आम्ही दोघी कॉम्प्युटरसमोर जेवलो. पडद्यावरून एकेका पत्रावरचं पाठवणाऱ्याचं नाव सरकत होतं आणि काकू घास हातात धरून ती नावं वाचत होत्या. एकदम थांबल्या.

“हे तुझं बघ.”

माझा अर्ज, कॉलेजच्या मदतीसाठीचा. रेवदंड्याच्या सायबर कॅफेतून पाठवलेला. बटण दाबलं की पत्र पडद्यावरून नाहीसं होई. मला वाटे, गेलं नाही, हरवलं. म्हणून पुन्हा लिहायची.

“नऊ वेळा पाठवलंस. नऊ आवक नंबर दिले मी. अध्यक्ष म्हणाले, ही सोडायची न्हाय, चिवट हाय.”

इतकी वर्षं मला वाटत होतं, माझी निवड गुणांवर झाली.

तीन वाजता फोल्डर पूर्ण आला. मी दोनदा मोजून पाहिला. “काकू, यातली माझी आठ पत्रं जास्तीची आहेत. काढून टाकते.”

“हात लावू नकोस. नंबर दिलेत मी.”

मग त्यांनी विचारलं, “सगळं आलं ना? नक्की?”

“नक्की.”

त्या उठल्या, हात पुसले आणि मेन स्विच बंद केला. पंखा हळूहळू थांबला.

“काकू, आपण आहोत ना घरात!”

“आपण जेवलो. त्या कॉम्प्युटरला अर्धा तास दुपारची झोप नको व्हय?”