‘झालं’ म्हणून कळवलं
आधीच सांगून टाकतो, चूक माझीच होती. घरी कुणी तसं म्हणत नाही, म्हणून मलाच म्हणावं लागतं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही जगभरातले काही जण, लष्कराच्या भाकऱ्या भाजणारे, स्क्रीनवर चित्र उमटवणाऱ्या आणि कुणीही फुकट वापरावी अशा एका भल्यामोठ्या मुक्त प्रणालीचे सुटे भाग करत होतो. सगळा कोड एकाच ढिगात होता. एक कोपरा बदलला की अख्खा ढीग पुन्हा बांधा, म्हणजे त्याचा चालता प्रोग्रॅम बनवा! म्हणून ठरलं, प्रत्येक भाग वेगळा, प्रत्येकाचा सांभाळणारा वेगळा. माझ्याकडे एका जुनाट ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर होता, ते कार्ड चालवणारा प्रोग्रॅम. जगात तो कुणालाच नको होता. माझ्या आईला मात्र हवा होता.

माधव नगरच्या आमच्या घरात, पुढच्या खोलीत, एका कॉलेजनं टाकून दिलेल्या सहा कॉम्प्युटर मशीन होत्या. सगळ्यांत तेच कार्ड. शाळेतून रिटायर झालेली आई कॉलनीतल्या, आसपासच्या बायकांना त्यांवर टायपिंग शिकवायची, म्हणजे आपापले फॉर्म त्या आपल्या हातानं भरतील. पण जुन्या प्रणालीवर फॉर्मच्या साइट उघडेनाशा झाल्या. आमच्या प्रणालीची नवी आवृत्ती लागणार होती, माझ्या ड्रायव्हरसकट. आईनं सगळ्यांना सांगूनही टाकलं, “सोमवारी या गं, फॉर्म भरायचेत.”

आमचा नियम सोपा होता. आपला भाग जुनं काही नसलेल्या कोऱ्या मशीनवर, एकटा बांधून बघायचा, आणि मगच नव्या आवृत्तीतल्या भागांच्या यादीवर एक शब्द लिहायचा, ‘झालं’. मी माझ्या लॅपटॉपवर बांधला. एका फटक्यात बनला! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. लगेच कळवून मोकळा झालो. कोऱ्या मशीनची चक्कर कोण करत बसणार, यार? माझ्या लॅपटॉपवर जुन्या ढिगाच्या फायली वर्षानुवर्षं पडून होत्या, आणि माझा ड्रायव्हर हवं ते गुपचूप त्यांतूनच उचलत होता. चूल वेगळी मांडली, पण मीठ अजून जुन्याच घरातून येत होतं.

गुरुवारी आमच्यातल्या एका परदेशी बाईंनी लिहिलं, तुमचा ड्रायव्हर माझ्याकडे बनत नाही. मी उलट त्यांनाच सुनावलं, तुमच्याच मशीनमध्ये गडबड असेल. मग आईची एक मशीन कोरी करून बघितली. नाहीच बनला. एक फाइल कमी पडत होती, ती मुख्य भागाच्या पोटातली. ती उघडी करा म्हणून सगळ्या भागांची जुळणी बघणाऱ्या गृहस्थांच्या हातापाया पडलो. ते शांतपणे म्हणाले, तुमच्यासाठी उघडली तर सगळ्यांसाठी उघडावी लागेल, मग वेगळं कशाला केलं? बरोबरच होतं. माझा मात्र जळफळाट झाला.

शुक्रवार, शनिवार त्या फाइलीतलं हवं तेवढं स्वतः लिहून काढलं. ड्रायव्हर बनला. पण लावला की स्क्रीन काळी! दहादा बदललं, दहादा काळी. आई पोह्यांची प्लेट ठेवून जायची.

रविवारी दुपारी चारला यादी बंद होणार होती. न चालणारा भाग यादीतून काढावा लागतो, पण आमच्यात दुसऱ्याचा भाग कुणी काढत नाही, ज्याचा त्यानंच काढायचा असतो. चारला दहा मिनिटं कमी असताना माझ्या ड्रायव्हरची ओळ मी माझ्या हातानं खोडली. रडलो, खोटं कशाला बोलू. पुढची आवृत्ती वर्षभरानं येणार होती.

आईला सांगितलं. “एकही मशीन नाही चालणार?” तिनं विचारलं.

“एकही नाही.”

तिनं चष्मा लावला आणि फोन घेऊन बसली. “अगं, उद्या येऊ नकोस. मशीनच फार जुन्या झाल्यात गं. नाही नाही, त्यानं तर जीव तोडून केलं बिचाऱ्यानं.” दुसरीलाही तेच. तिनं मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तिसरा फोन जरा लांबला. पलीकडची बाई नानाखेड्याहून यायची, तिला नवऱ्यामागची पेन्शन लावून घ्यायची होती. शेवटी आई म्हणाली, “फॉर्म भरून देणाऱ्या दुकानातूनच भरून घे आता. कागद तेवढे मोजून परत घे.”

ती बाई महिनाभर बसून स्वतःचं नाव टाइप करायला शिकली होती.