धुळीत थॉमस बोलत राहिला

काल सुनेने अंगणात जाजम झटकलं, कोरड्या धुळीचा वास नाकात शिरला आणि कुवेतमधली ती दुपार समोर उभी राहिली. तेव्हा शुऐबाचं बंदर बांधलं जात होतं.

थॉमस माझ्याबरोबर फिटर होता. ब्रिटिश गयानातल्या पाकराइमा डोंगरांतला, पाटामोना जमातीचा. बोटीवर खलाशी म्हणून आला आणि तिथेच राहिला. त्याची भाषा कुवेतमध्ये दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. आम्ही मोडक्या इंग्रजीत बोलायचो.

आम्ही पायी जवळच्या फिंतास गावाकडे निघालो होतो. आधी लांबवर धुळीची तांबडी भिंत दिसली, मग काहीच दिसेना, स्वतःचा हातसुद्धा. दातांत वाळू करकरत होती, श्वास घेववत नव्हता. रस्ता पायाखालून कधी सुटला कळलंच नाही. मी रत्नागिरीचा, समुद्राला कधी भ्यालो नव्हतो. तिथे मात्र मी खाली बसायला लागलो. थॉमसने माझं मनगट घट्ट धरलं आणि तो त्याच्या भाषेत बोलू लागला, संथपणे, न थांबता. मला एकही शब्द कळत नव्हता, पण वाटलं, याला वाट सापडलीय. मी त्या आवाजामागे चालत राहिलो.

संध्याकाळी धूळ बसली, रस्ता दिसला. मी विचारलं, "मघाशी काय सांगत होतास?"

डोळ्यांतली वाळू पुसत तो म्हणाला, "आईशी बोलत होतो. म्हटलं, मी मरतोय, आपले डोंगर आता दिसायचे नाहीत. तुला कळणार नव्हतं, म्हणून मोठ्याने बोललो."

तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आता वाटतं, आपल्या भाषेत घाबरता आलं म्हणूनच तो चालू शकला, आणि त्याच्यामागे मी.