नंतर लावायचा फोटो

भरताचा तिसरा घास तोंडात असताना माझ्या सासऱ्यांनी मला सांगितलं, "जवाईबापू, मना एक फोटो काढी द्या. मी मरी गऊ म्हंजे भितवर लावाले."

आम्ही सोनगीरला त्यांच्या घरी जेवायला बसलो होतो. सासूबाईंनी पोळीचा डबा तसाच हातात धरून ठेवला. बायको म्हणाली, "आबा, कायबी बोलू नका. तुम्हले काय झायं शे?"

"काही झायं नही म्हनीसनच सांगस. झायावर कोन काढी?"

एवढं बोलून आबांनी आणखी भरीत वाढून घेतलं.

आबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. सगळे दात त्यांचे स्वतःचे आहेत आणि आठवड्यातून दोनदा ते गावचा किल्ला चढतात. आयुष्यभर त्यांनी तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान चालवलं, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचा, अशी त्यांची सवय. माझा नवा कॅमेरा पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यालाही त्यांनी टिचकी मारली होती. मी घाईघाईनं कॅमेरा काढून घेतला आणि समजावलं की हा मिररलेस आहे, जुन्या मोठ्या कॅमेऱ्यांत आरसा असायचा, यात तो नसतो.

"आरसा काढी टाकेल शे," आबा म्हणाले, "तरी इतला महाग?"

मी जळगावात शाळेत भौतिकशास्त्र शिकवतो. प्रकाश हा विषय आपल्या घरचाच आहे असं मला वाटतं आणि ते मी लपवत नाही. हा कॅमेरा घेण्याआधी दोन वर्षं मी त्याच्याविषयी वाचत होतो. तो अंधारात पाहतो. माणसाचा डोळा स्वतः शोधून त्यावर नजर रोखतो. अजिबात आवाज न करता फोटो काढतो. मी हात धुतल्याशिवाय त्याला शिवत नाही, म्हणून बायको त्याच्या बॅगेला 'देवघर' म्हणते.

तिचा स्वतःचा कॅमेरा बारा-तेरा वर्षांपूर्वीचा आहे. मुठीत मावेल एवढा सुपरझूम. चालू केला की घर्रर्र करत नळकांडं बाहेर येतं आणि शेवटच्या इंचाला जरा अडखळतं. बॅटरीच्या झाकणाला रबरबँड आहे. घरात फोटो काढला तर सगळ्यांच्या तोंडावर रवा सांडल्यासारखा दिसतो. पण त्याला झूम म्हणजे झूम आहे. एकदा सोनगीरच्या किल्ल्यावर उभं राहून तिनं त्यातून माहेरची गच्ची पाहिली आणि आईला फोन लावला, "अक्का, कावळा बठना पापडवर!" अक्का वर बघत राहिल्या, की ही कुठून बोलते आहे. मी तिला बरेचदा सांगितलं आहे की तुझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर करंगळीच्या नखाएवढा आणि माझा अख्ख्या टपाल तिकिटाएवढा. ती म्हणते, "हो, पण मला कावळा दिसतो."

तर आबांचा हा हट्ट का, ते मला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी त्यांचे थोरले भाऊ गेले. त्यांचा भिंतीवरचा फोटो एका लग्नातल्या घोळक्यातून कापून काढलेला आहे आणि त्यांच्या खांद्यावर कोणाचा तरी हात आहे. नुसता हात. मनगटाला सोनेरी घड्याळ. बाकीचा माणूस मूळ फोटोतही दुसऱ्यांच्या मागे दडलेला. हाच फोटो चौकातल्या फ्लेक्सवरही लागला होता, आणि दहाव्याला आलेली माणसं आधी दुःख व्यक्त करत आणि मग हळूच विचारत, की हात कोणाचा? तो आजपर्यंत कळलेला नाही. आबांना आपल्या वाट्याला असा हात नको होता, असं मी समजलो. मला ते पटलं आणि कॅमेऱ्याला शोभेलसं काम मिळालं म्हणून आनंदही झाला.

बायकोला मात्र ते मुळीच पटलं नाही. पुढच्या रविवारी आम्ही जळगावहून सोनगीरला निघालो. पारोळ्याच्या अलीकडे ती म्हणाली, "माझा बाप जिवंत आहे. तुम्हाला त्याच्या श्राद्धाचं काम घ्यायचं तर घ्या. मी त्यात नाही." तिचा सुपरझूम तिच्या पर्समध्येच होता. तो ती भाजी आणायलाही नेते.

आबा तयार होऊन बसले होते. पांढरा सदरा, टोपी, आणि दाढी इतकी घोटून केलेली की हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं. बैठकीत, भावाच्या फोटोखाली, लाकडी खुर्ची त्यांनी आधीच मांडून ठेवली होती. बायको तडक स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. ती घासून पालथी घातलेलीच होती.

मी खिडकी उघडली, पडदा सारला, प्रकाश पाहिला. आबांनी मान ताठ केली, छाती भरून श्वास घेतला आणि तो धरून ठेवला. मी फोटो काढला. आणखी सहा काढले. आबा हलले नाहीत. त्यांचा चेहरा तांबूस झाला, मग चांगलाच लाल झाला, डोळे बाहेर यायला लागले.

"आबा, झालं. सोडा."

त्यांनी भस्सकन श्वास सोडला. "काढा का?"

"सात काढले."

"कव्हय? आवाज ते उनाच नही!"

मी त्यांना समजावलं की हीच तर या कॅमेऱ्याची खुबी आहे, आवाज होतच नाही. आबांनी दुकानदाराच्या नजरेनं माझ्याकडे पाहिलं. आवाज न करणारं भांडं त्यांनी उभ्या आयुष्यात विकत घेतलं नव्हतं. शेवटी मी सेटिंगमध्ये जाऊन आवाज चालू केला आणि पुन्हा काढले.

मग घरच्या टीव्हीला वायर जोडून सगळे फोटो दाखवायला बसलो. सगळ्याच फोटोंत आबा धूसर होते. एक पांढरी टोपी आणि एक लाल गोळा. मागच्या भिंतीवरचे थोरले काका मात्र इतके स्पष्ट आले होते की त्यांच्या पापण्या मोजता याव्यात. माणसाचा डोळा स्वतः शोधणाऱ्या माझ्या कॅमेऱ्यानं जिवंत माणूस सोडून भिंतीवरचा डोळा शोधला होता. खांद्यावरच्या हाताच्या घड्याळात किती वाजले तेही दिसत होतं. अक्का म्हणाल्या, "भाऊसाहेबना फोटो चांगला उना."

मला इतका राग आला की बोलायची सोय नाही. खुर्ची पुढे ओढली, फोकसची चौकट हातानं आबांच्या डोळ्यावर आणून ठेवली आणि आणखी दहा-बारा फोटो काढले. हे मात्र, माझ्या तोंडानं सांगायचं तर, उत्तम होते. एकेक सुरकुती, एकेक पांढरा केस, डोळ्यात उमटलेली खिडकी. मी टीव्हीवर लावला आणि बाजूला झालो.

मग अक्का पुढे वाकून म्हणाल्या, "ह्यासना कानमा केवढं रान वाढेल शे!"

आबा हनुवटीवरचं कापलेलं पाहत होते. टीव्हीवर ते वीतभर दिसत होतं. "जवाईबापू," ते म्हणाले, "हाऊ फोटो पाहीसन लोके म्हनतीन, बरं झायं गया."

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला आणि बायकोचं हसू ऐकू आलं. मला भयंकर लागलं. दोन वर्षांचं वाचन, एवढा मोठा सेन्सर, आणि माझ्या सासऱ्यांना मी त्यांच्या घरात बसून गुन्हेगार करून दाखवलं होतं.

"पोरी," आबांनी हाक मारली. "तुना तो डब्बा आन. तूच काढ."

ती दारात आली. हसू गेलं होतं. "त्याची बॅटरी उतरलीय."

हे खोटं होतं. त्या कॅमेऱ्याची बॅटरी कधी उतरत नाही, कारण रोज सकाळी देवाला दिवा लावायच्या आधी ती तो चार्जिंगला लावते. मला ते माहीत होतं आणि मला वाटतं आबांनाही होतं. मी वायर गुंडाळायला लागलो.

"भाऊ गया तव्हय तू कोठे व्हती, आठवस का?" आबांनी विचारलं.

ती ओले हात पुसायला लागली.

"त्या कोपरामा बशेल व्हती. हाऊ डब्बा हातमा. भाऊनी तुले खांदावर बसाडीसन बठ्ठं गाव दखाडं, आनी त्याले उचलीसन नेतस तव्हय तू फोटो धुंडी ऱ्हायनी व्हती. मी पाहेल शे."

तेव्हा मला तो दिवस आठवला. फ्लेक्सवाल्याचे फोनवर फोन येत होते, की फोटो पाठवा, छपाईला वेळ लागतो. घरात काकांचा एकट्याचा एकही फोटो नव्हता. कोणीतरी म्हणालं, हिच्या कॅमेऱ्यात लग्नाचे आहेत. म्हणून ती कोपऱ्यात बसून बटणं दाबत होती, एका हातानं डोळे पुसत होती, आणि बाहेर काकांना खांद्यावर घेतलं तेव्हा ती उठेपर्यंत मंडळी गल्लीच्या टोकाला पोचली होती. मी तिथंच होतो. फ्लेक्सवर हात आला म्हणून मी तिला नंतर बोललोही होतो, की नीट कापायचा तरी. ते आठवून मला स्वतःची लाज वाटली.

"मना टाइमले तुले हाई काम नको," आबा म्हणाले. "फोटो तयार पाहिजे. तू मनाजोडे बस. रडानं ते रड, पन जोडे बस."

इतके दिवस मी समजत होतो की आबांना चौकात चांगलं दिसायचं आहे.

बायको तशीच उभी होती. मग पर्समधून तिनं आपला कॅमेरा काढला, आबांना हाताला धरून अंगणात आणलं, कडुनिंबाच्या सावलीत खुर्ची ठेवली आणि सवयीनं मागे मागे जात पार फाटकापर्यंत गेली. नळकांडं घर्रर्र करत बाहेर आलं. तिनं कॅमेरा डोळ्यासमोर धरला आणि तसाच खाली घेतला.

"यावर तारीख उमटते," ती मला म्हणाली. "कोपऱ्यात, केशरी आकड्यांत. ती बंद कशी करतात ते मला कधी जमलं नाही."

"नंतर पुसून देईन मी."

"नको. आबांच्या फोटोवर मला कुठलीच तारीख नको. तुमचा द्या."

मी दिला. तिनं हात धुतले नव्हते, आणि मला ते चाललं. तिनं फाटकाजवळूनच कॅमेरा डोळ्याला लावला आणि लेन्सवर बोटं फिरवून पाहिली. "याला झूम कुठंय?"

"नाही. या लेन्सला झूम नसतो. पायांनी जवळ जायचं."

ती थोडी पुढे आली. "अजून," मी म्हणालो. ती आणखी पुढे आली. आबांचे फोटो तिनं शेकड्यांनी काढलेत, गच्चीवरून, रस्त्यापलीकडून, किल्ल्यावरून, त्यांना पत्ता लागू न देता. समोर दोन पावलांवर उभं राहून एकही नाही. आता तिचे ओठ थरथरत होते आणि तेवढ्या अंतरावरून आबांना ते दिसत होतं.

"रडू नको," आबा म्हणाले. "फोटो हाली जायी."

"नाही हलत, आबा," मी म्हणालो. "आत सोय आहे."

"तुम्ही गुमान उभा ऱ्हावा," आबांनी मला झापलं, आणि बायकोला हसू फुटलं, तिचं पाहून आबांना, आणि कॅमेऱ्याचा आवाज आला. तो आबांना ऐकू गेला. त्यांनी मान डोलावली, खुर्ची स्वतः उचलली आणि आत नेऊन ठेवली.

त्या फोटोत आबा कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत, जरा वर पाहतात. कानातलं रान आहे, हनुवटीवरचं कापलेलंही आहे. टीव्हीवर लावल्यावर आबा म्हणाले, "हाऊ मी शे." अक्कांनी तो दोनदा पुन्हा लावायला सांगितला. मी त्याच्या तीन प्रती करून तीन ठिकाणी ठेवल्या आहेत.

बायकोनं तो आपल्या फोनमध्ये आबांच्या नंबराला लावून टाकला. आबा रोज सकाळी सात वाजता फोन करतात. त्यांना विचारायचं एवढंच असतं, की जळगावात आज नळ आला का. मग ओट्यावर, कणकेच्या परातीशेजारी, तो फोटो उजळतो आणि वाजायला लागतो, आणि बायको पिठाच्या हातानं तो उचलते.

गेल्या आठवड्यात एक दिवस सात वाजून गेले आणि फोन आला नाही. सव्वासात झाले. ती परात बाजूला सारून फोन समोर ठेवून बसली. मी म्हणालो, "आपण करू या का?" तिनं मान हलवली. मग मीही तिच्या शेजारी बसलो. दोघं त्या काळ्या काचेकडे पाहत होतो. साडेसातला फोटो उजळला.

"किल्लावर गयथू," आबा म्हणाले. "आज नळ उना का?"

"उना, आबा," बायको म्हणाली. नळ त्या दिवशी आलाच नव्हता.