बिनसाखरेचा चहा आणि पुन्हा वाचलेला आकडा

कर्नलच्या, म्हणजे संगणकाच्या गाभ्यातल्या सॉफ्टवेअरच्या, टीममध्ये सगळे तिला काकू म्हणायचे. वय तसं फार नव्हतं. पण सासऱ्यांच्या आजारपणात नोकरी सोडून ती बरीच वर्षं घरी बसली होती, आणि परत आली तेव्हा शेजारच्या खुर्च्यांवर कालची पोरंसोरं बसलेली. नेमणूकही कच्चीच. महिनाअखेरीस टीमलीडर ठरवणार होता, काकू इथे राहणार की मॅन्युअल लिहायला खालच्या मजल्यावर जाणार.

नेमका तिच्याच वाट्याला नाकी नऊ आणणारा बग आला. एका मोठ्या मशीनच्या पोटात अनेक आभासी मशीन चालायची. पोटभाडेकरूच म्हणा ना. त्यांतला कुणी डेटा पाठवणार असला, की तो किती आहे हा आकडा त्यानं सामायिक जागेत, म्हणजे त्याला आणि मोठ्या मशीनला दोघांनाही वापरता येणाऱ्या मेमरीत, लिहायचा. आकडा मर्यादेत आहे ना, हे मोठ्या मशीनमधला ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम तपासायचा आणि तेवढा डेटा आत घ्यायचा. तरीही अधूनमधून अख्खं मशीन आडवं व्हायचं.

"तपासणी चोख आहे, काकू," लीडर म्हणाला. "हार्डवेअरच गंडलंय. नाद सोडा."

तपासणी खरंच चोख होती. काकूला ती वाचून वाचून पाठ झाली होती.

घरी वेगळीच तऱ्हा. सासऱ्यांना साखर वर्ज्य. सासूबाई समोर असल्या की ते शहाण्यासारखे "बिनसाखरेचा" म्हणायचे. सासूबाईंची पाठ वळली, की ही भोळी काकू कप भरताना पुन्हा विचारायची, "बाबा, कसा देऊ?" आणि म्हातारा डोळे मिचकावायचा, "दोन चमचे घाल की!" ही घालायचीसुद्धा!

त्या संध्याकाळी सासूबाई दारातूनच मागे फिरल्या. "अगं, माझ्यासमोर ठरलं होतं ना? मग परत कशाला विचारतेस त्यांना?"

काकूचा चमचा हातातच राहिला. ड्रायव्हरही हेच करत होता. आकडा तपासायचा, आणि वापरायच्या वेळी सामायिक जागेत जाऊन पुन्हा वाचायचा. मधल्या क्षणात भाडेकरूनं तो बदलला तर?

दुसऱ्या दिवशी तिनं एक खोडसाळ प्रोग्राम लिहिला. त्याचं काम एकच, तो आकडा सतत बदलत राहायचं. मशीन धाडकन कोसळलं आणि काकूनं टाळ्या पिटल्या. दुरुस्ती एवढीशी होती. आकडा एकदाच वाचून स्वतःजवळ ठेवायचा, तोच तपासायचा, तोच वापरायचा. मग तो खोडसाळ प्रोग्राम दिवसभर धुमाकूळ घालत राहिला, पण मशीन जागचं हललं नाही.

लीडरनं सगळं दोनदा पडताळलं आणि मान खाजवली. "काकू, खालच्या मजल्याचं विसरा. आणि माझाही कोड जरा बघाल का?"

घरी पोचताच तिनं टीममधली जागा टिकल्याचं सासऱ्यांना सांगितलं.

"माझ्या आजारपणानं तुझी नोकरी खाल्ली, हे रोज टोचायचं गं मला," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. तिचेही भरले.

तिनं काही न विचारता चहा पुढे ठेवला. त्यांनी तोंड वाकडं न करता संपवला आणि कप पुढे केला. "अर्धा कप अजून दे."

"कसा देऊ?" तिनं मुद्दाम विचारलं.

"बिनसाखरेचाच," ते म्हणाले. सासूबाई बाजारात गेल्या होत्या.