मेनवर शे!

ऑफिसातले किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही, ते साचतात. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये रबरबँड साचतात ना, तसे. आणि आमच्या धंद्यात तर सगळ्याची नोंद मशीनच ठेवतं. कुणी, कधी, कुठली ओळ बदलली, सगळं! पण ती ओळ बदलताना कोण हसलं आणि कोण हिरमुसलं, हे मशीन लिहीत नाही. तेवढं खातं माझ्याकडे आहे.

नंदुरबारात एका बियाण्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस. माणसं चार. प्रमोदभाऊ मालक, आधी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे. हर्षल धानोऱ्याचा, प्रोग्रॅमर. त्याची बोटं डोक्याच्या आधी चालतात. रमिला मोलगीच्या पुढच्या एका पाड्यावरची, तीही प्रोग्रॅमर. आणि मी टेस्टर, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेणारी बाई. सासर कळसाडीचं, नवरा भाऊंचा मित्र, म्हणून सगळे मला वहिनी म्हणतात. दारात उभं राहून हर्षलच्या स्क्रीनवरचा चुकलेला स्वल्पविराम मला दिसतो. पन्नाशी जवळ आली तरी चष्मा लागलेला नाही, आणि याचा त्रास मला सोडून सगळ्यांना आहे!

*

आमचे कॉम्प्युटर जुने. सुरुवातीला हर्षलने गिटसाठी, म्हणजे बदलांची ही नोंद ठेवणाऱ्या मशीनसाठी, एक छान रंगीबेरंगी प्रोग्रॅम टाकला होता. माउसने क्लिक केलं की काम व्हायचं. म्हणजे व्हायला हवं होतं. मे महिन्यात त्याने एक क्लिक केलं, आम्ही चहा मागवला, चहा आला, पिऊन झाला, तरी ते चक्र फिरतंच होतं.

भाऊ उठले आणि त्यांनी हर्षलचा माउस काढून खिशात घातला!

"आजपासून काळा पडदा. टाईप करा, एंटर दाबा, मोकळे व्हा."

तेव्हापासून आम्ही कमांड लाईनवाले. खालच्या दुकानातले शेठ एकदा वर डोकावले, चौघांचे चार काळे पडदे बघितले आणि हळूच विचारलं, "लाईट नाही का?"

*

ब्रँच म्हणजे काय, हे मला पहिल्या दिवशी कळलं नव्हतं. भाऊंनी सांगितलं, "वहिनी, तुमच्या कळसाडीला नवं वाण आलं की सगळ्या वावरात लावता का?"

"नाही हो. आधी कडेला दोन ओळी लावतो."

"त्या दोन ओळी म्हणजे ब्रँच. सगळं वावर म्हणजे मेन. दोन ओळींत जमलं, की मेनमध्ये घ्यायचं. त्याला मर्ज म्हणायचं. झालं!"

इतकं सोपं करून सांगणारा माणूस त्या नव्या ब्रँचना नावं मात्र 'नवीन', 'नवीन दोन', 'फायनल', 'खरी फायनल' अशी द्यायचा. एकदा 'खरी फायनल' आणि 'शेवटची फायनल' यांत जुनी कुठली, यावर अर्धा दिवस गेला. मग मीच म्हटलं, की ज्या गावाहून तक्रार आली त्या गावाचं नाव ब्रँचला द्या. तेव्हापासून आमच्याकडे धानोरा, कळसाडी, मोलगी अशा ब्रँच असतात.

ही गोष्ट मी जेवताना घरी बोलले, ही माझी चूक. कळसाडीच्या ब्रँचचं काम संपलं, ती मेनमध्ये गेली, आणि रिवाजाप्रमाणे आम्ही ती काढून टाकली. जाऊबाईंना कळलं. दोन दिवस त्या माझ्याशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "आम्हनं गाव तुम्ही काढी टाकं?"

*

हर्षलचा पहिला महिना. चार दिवस तो आपल्या ब्रँचवर काम करतोय असं समजून सरळ मेनवर काम करत होता. रिलीज गेलं. सकाळी लोकांनी ॲप उघडलं, तर बटणावर ठळक अक्षरात लिहिलेलं: 'हर्षल टेस्ट, दाबू नका.'

आणि सगळ्यांनी ते दाबलं!

त्यावर भाऊंनी नियम काढला. कुठलंही काम करण्याआधी 'गिट ब्रँच' टाईप करायचं. सगळ्या ब्रँचची यादी येते, आणि आपण जिच्यावर उभे आहोत तिच्यापुढे एक छोटी चांदणी दिसते. ती बघायची आणि मोठ्यांदा सांगायची. भाऊ खुर्चीतून ओरडणार, "कोठे शे?", म्हणजे कुठे आहेस, आणि आपण ओरडायचं, "मेनवर शे!"

एकदा हर्षलचे वडील धानोऱ्याहून ऑफिसात आले. पोरगा काय काम करतो ते बघायचं होतं. शेजारी खुर्ची दिली. तेवढ्यात भाऊंनी विचारलं, "हर्षल, कोठे शे?"

"कळसाडीवर शे, भाऊ!"

वडिलांनी पोराकडे बघितलं, मग भाऊंकडे, मग परत पोराकडे. "आरे, तू ते आठे बठेल शे!"

जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, पगार बरा देतस ना ह्या लोके?"

*

शनिवारी दुपारी आमच्याकडे साफसफाई असते. भाऊंच्या मागे तिघं उभे राहतात. भाऊ एकेक ब्रँच वाचतात, ज्याची असेल तो म्हणतो, "काढा." मग भाऊ काढायच्या कमांडला इंग्रजी छोटा डी जोडून ती काढतात. छोटा डी सज्जन आहे. ब्रँचचं काम मेनमध्ये गेलं नसेल तर तो अडतो, काढू देत नाही. मोठा डी काही विचारत नाही, सरळ उडवतो.

धानोरा ब्रँचवर हर्षल आठवडाभर राबला होता. एका बुधवारी मी त्याच्या कामात सात चुका काढल्या. पोरगा चिडला आणि त्याने मोठा डी दाबून अख्खी ब्रँच उडवली. रागाने उडवली आणि मग दोन्ही हातांत डोकं धरून बसला. मला फार वाईट वाटलं. चुका सातच होत्या, त्याही बारीक.

भाऊ आले. त्याच्या स्क्रीनवर बोट ठेवलं. ब्रँच काढली की तिथे एक ओळ येते, की अमुक ब्रँच काढली, आणि पुढे तिचा सात अक्षरांचा नंबर. तो नंबर भाऊंनी टाईप केला आणि धानोरा जशीच्या तशी परत आली!

"जातांना ती पत्ता दी जास. वाच ना रे!"

हर्षल पाया पडायला वाकला. भाऊ म्हणाले, "पाया नको पडू. पहिले चहा सांग."

*

आता ज्या कामासाठी हे सगळं चालतं ते सांगते. एका संस्थेचं काम आहे. बाळांच्या लसीकरणाच्या आदल्या दिवशी आयांना रेकॉर्ड केलेला फोन जातो, की उद्या तुमच्याकडे सिस्टर येणार, बाळाला घेऊन या.

फोन किती वाजता जावा, ही एक ओळ. हर्षलने तिथे सकाळचे नऊ लिहिले. त्याच वेळी रमिलाने आपल्या ब्रँचवर संध्याकाळचे सहा लिहिले. मर्ज करताना मशीन अडलं, दोघांच्या ओळी एकाखाली एक दाखवल्या आणि तुम्हीच ठरवा म्हणालं. दोघं दोन दिवस एकमेकांशी बोलेनात. भाऊंनी दोघांना एका कीबोर्डसमोर बसवलं.

रमिला ऑफिसात सगळ्यांत शुद्ध मराठी बोलते. घरची भाषा पावरी, मराठी शाळेत शिकलेली. ती म्हणाली, "भाऊ, आमच्या पाड्यावर घरात फोन लागत नाही. टेकडीवर महूच्या झाडाखाली लागतो. बायका कामं उरकून संध्याकाळीच तिथे जातात."

हर्षलने स्वतःची ओळ पुन्हा वाचली. मग त्यानेच दोन्ही ओळी ठेवल्या. सपाटीला सकाळी नऊ, डोंगरात संध्याकाळी सहा.

*

पण रमिलाचं खरं दुखणं वेगळं होतं. फोनमधला आवाज शहरातल्या कुणा बाईंचा, भाषा पुस्तकी. डोंगरातल्या बायका 'नमस्कार, आपणांस कळविण्यात येते' एवढं ऐकून, कुणीतरी काहीतरी विकतंय असं समजून फोन कापायच्या. रमिलाच्या स्वतःच्या भावजयीने असाच कापला आणि भाचीची लस चुकली. पुढे तिला गोवर झाला. वाचली, पण ते पंधरा दिवस रमिला आमच्यात असून नव्हती.

मग भानावर आली ती कामालाच लागली. तिने मोलगी नावाची नवी ब्रँच सुरू केली आणि स्वतःच्या आवाजात, पावरीत, सगळे निरोप रेकॉर्ड केले. डोंगराच्या गावांना हे जातील, सपाटीला पहिलेच. मी तपासलं. एक चूक सापडली नाही! माझ्या नोकरीत असं एकदाच झालं.

संस्थेचे साहेब म्हणाले, "मंजूर मजकूर मराठीत आहे. त्यात बदल करता येणार नाही."

भाऊंनी तीनदा पत्र दिलं. तीनदा तेच उत्तर. ब्रँच पडून राहिली. पडून म्हणजे कशी? रमिला रोज सकाळी आली की ओढणी खुर्चीला अडकवायची आणि मेनमधलं नवं काम आधी मोलगीत मर्ज करायची. रोज! ज्या दिवशी हो म्हणतील त्या दिवशी ती ब्रँच शिळी निघू नये, म्हणून. दर शनिवारी भाऊ वाचायचे, "मोलगी?" आणि ती म्हणायची, "राहू द्या, भाऊ." एका शनिवारी भाऊंनी सवयीने छोटा डी दाबला, तर तो अडला. काम मेनमध्ये गेलेलं नाही, म्हणाला. रमिला खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. मला तिच्याकडे बघवलं नाही.

*

पावसाळ्यानंतरचं मोठं रिलीज होतं, मंगळवारी दुपारी. रमिला रजेवर, गावी गेलेली. ऐन वेळी लाईट गेली. इन्व्हर्टरवर एकच कॉम्प्युटर चालतो, रमिलाचा. हर्षल तिच्या खुर्चीत बसला. आमच्याकडे आपण ज्या ब्रँचवर उभे असू तीच सर्व्हरवर जाते, म्हणून रिलीजच्या वेळी टेस्टरने मागे उभं राहून चांदणी बघायची आणि ओके म्हणायचं, असा नियम आहे.

हर्षलने 'गिट ब्रँच' टाईप केलं. यादी आली. तो बराच वेळ यादीकडे बघत बसला. एरवी याची बोटं थांबत नाहीत.

पलीकडच्या खोलीतून भाऊ ओरडले, "कोठे शे?"

"मेनवर शे!"

"वहिनी?"

"ओके," मी म्हटलं.

बुधवारी डोंगरात लसीकरण होतं. गुरुवारी संस्थेच्या साहेबांचा फोन आला. भाऊंनी स्पीकरवर टाकला.

"फोनची भाषा कोणी बदलली?"

खाली शेठ गिऱ्हाइकाला पाकिटावरची तारीख वाचून दाखवत होते, ते ऐकू येत होतं.

"लस कमी पडली," साहेब म्हणाले. "सिस्टरला आज परत जावं लागलं. एवढ्या बाया कधी आल्याच नव्हत्या म्हणे." मग म्हणाले, "आता आहे तसंच राहू द्या. मंजुरीचं मी बघतो."

शुक्रवारी रमिला आली. तिने सांगितलं ते असं. मंगळवारी संध्याकाळी ती भावजयीबरोबर टेकडीवर गेली होती. महूखाली पंधरा-वीस बायका. एकीचा फोन वाजला, मग दुसरीचा, मग सगळ्यांचे. आणि सगळ्या फोनांत रमिला बोलत होती! बायका एकदा फोनकडे बघायच्या, एकदा हिच्याकडे. एक म्हातारी तिचा हात धरून म्हणाली, तू तर इथे उभी आहेस, मग ही कोण? भावजयीने फोन शेवटपर्यंत ऐकला, आणि संपल्यावरही कानाचा काढला नाही.

हे सांगताना रमिला हसत होती आणि डोळेही पुसत होती. माझंही तेच चाललं होतं.

भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि मग खुर्ची वळवली. "हर्षल?"

"भाऊ, मी मोठ्यानं सांगितलं होतं. वहिनींनी बघितलं."

"वहिनी, चांदणी कोठे व्हती?"

"काय माहीत, भाऊ," मी म्हटलं. "त्या दिवशी चष्मा घरी राहिला होता."

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग कीबोर्ड पुढे ओढला, स्वतःच मोठ्यांदा म्हणाले, "मेनवर शे," आणि मोलगी मेनमध्ये मर्ज केली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. भाऊ वाचत गेले, आम्ही मागे उभे. "मोलगी?"

रमिलाने ओढणी सारखी केली. "काढा."

छोटा डी अजिबात अडला नाही.

पुढच्या आठवड्यात ती मोलगीच्या बाजाराहून आली, तेव्हा माझ्या टेबलावर एक लांबट डबी ठेवून गेली. उघडली तर चष्म्याची डबी, आत मखमल लावलेली, रिकामी.

"यात ठेवत जा, वहिनी," ती आपल्या शुद्ध मराठीत म्हणाली. "म्हणजे पुन्हा घरी राहणार नाही."